चूर्म्याचा तिसरा वाटा

आई, तू विळीवर नारळ खवत बसायचीस तेव्हा मी तुझ्या गुडघ्याला टेकून वाट बघायचे. कांदिवलीच्या चाळीतली आपली खोली, मोरीशेजारचा स्टोव्ह, आणि एका लयीत फिरणारा तुझा हात. पांढराशुभ्र कीस आमटीसाठी ताटलीत पडायचा. करवंटीची पाठ लागायला आली की तू थांबायचीस, कारण तिथला करडा कीस आमटीचा रंग बिघडवतो. तो तू चिमटीने माझ्या तळहातावर ठेवायचीस, वर गुळाचा खडा, आणि दाराकडे बघत म्हणायचीस, "खा गो, कोण बघणा नाय." मी खायचे. भूक लागलेली असायची, हातावर खोबरं असायचं, मी ते तोंडात टाकायचे. इतकी सरळ गोष्ट होती ती. आता साठीला टेकल्यावर मी दर आठवड्याला माझ्या निम्म्या वयाच्या एका मुलीसमोर बसून तीच गोष्ट पुन्हा शिकते आहे. ती समुपदेशक आहे. तुझ्या वेळी हा शब्द नव्हता. औषध देत नाही, प्रश्न विचारते, आणि मी काय खाल्लं आणि खाताना मनात काय आलं ते सांगते. तुझा विषय निघतोच. तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी मी तुझ्याबद्दल बोलताना वर्तमानकाळात बोलते, हे तिनेच मला दाखवून दिलं.

आपल्या घरात उपास कधी वाढले ते मला नीट आठवतं. बाबांची गिरणी बंद पडली, ते दिवसभर पलंगावर बसून दाराबाहेर बघू लागले, आणि तुझे वार वाढले. आधी फक्त चतुर्थी होती. मग सोमवार आला, गुरुवार आला, शनिवार आला. भाताचं पातेलं जसं लहान होत गेलं तसे तुझे देव वाढत गेले. बाबांना वाढून झालं, मला आणि भावाला वाढून झालं की तू उभ्या उभ्या पातेल्याची खरवड काढायचीस, आणि कुणी विचारलंच तर सांगायचीस, माझा आज उपास. तेव्हा मला ते खरंच वाटायचं. आता वाटतं, अन्न पुरलं नाही असं म्हणायची लाज वाटते तिथे उपास आहे असं म्हणता येतं. शेजारणी मान डोलावतात, कौतुक करतात. मला त्याचा राग नाही. तू आमची पोटं भरलीस. फक्त मी तुझ्याकडे बघत होते, हे तुझ्या ध्यानात आलं नाही.

दहावीच्या वर्षी तू मला सोळा सोमवार धरायला लावलेस. चांगलं घर मिळावं म्हणून. दिवसभर काही खायचं नाही, संध्याकाळी पूजा, आणि मग कणकेचा चूर्मा. तुपात भाजलेली कणीक, त्यात गूळ. तूप तुझ्याकडे कुठून यायचं मला कधी कळलं नाही. चूर्म्याचे तीन वाटे करायचे, एक देवाला, एक बाहेर वाटायला, एक ज्याचं व्रत त्याला. वाटे तू मला करायला सांगायचीस. पहिले काही सोमवार मी प्रामाणिकपणे तीन सारखे ढीग घातले आणि माझा अधाशासारखा खाल्ला. मग एका सोमवारी, का ते आजही सांगता येत नाही, मी माझ्या ढिगातला थोडा चूर्मा बोटाने देवाच्या ढिगाकडे सरकवला. तू बघितलंस. तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "देवाक जास्ती दिलंस. शाणी गो माझी." आई, तुझ्या हाताचा तो स्पर्श मला अजून पाठीवर दाखवता येईल. बाबांच्या गप्प बसण्यामुळे घरात सगळे एकमेकांना चुकवत फिरत होते तेव्हा. मला वाटलं, ही जागा आपल्याला सापडली. कमी खाल्लं की आईचा हात पाठीवर येतो.

सोळा सोमवार झाले. सतराव्याला उद्यापन करायचं, सोळा जोडपी जेवू घालायची, तेव्हा व्रत सुटतं. सोळा जोडपी आपण कुठून जेवू घालणार होतो? तू म्हणालीस, बाबांना काम लागलं की करू, तोवर सोमवार मोडू नको, अर्धं टाकलेलं व्रत उलटतं. मी मोडला नाही. मंगळवारीही जेवण जाईनासं झालं. मग बुधवारी. उपास धरायला काही लागत नाही, सोडायला जेवणावळ लागते, आणि आपल्याकडे जेवणावळ नव्हती. मला तर तोवर ती नकोच झाली होती. उद्यापन राहिलंय, एवढं म्हटलं की माझ्यासमोरचं ताट उचललं जायचं आणि कुणी दुसरा प्रश्न विचारायचं नाही.

एकीने विचारला. तू मला कॉन्व्हेंटात घातलं होतंस, चाळीत कुणाची मुलगी जात नव्हती तेव्हा. सकाळच्या प्रार्थनेला मी रांगेत कोसळले. आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर मूळच्या वसईच्या, आपल्यासारखंच मराठी बोलायच्या. त्यांनी मला पाहुण्यांच्या खोलीत नेलं, गोड चहा दिला आणि लोणी लावलेला बनपाव. मी पावाचे तुकडे करून चघळल्यासारखं करत ते एकेक गणवेशाच्या पिनाफोरच्या खिशात टाकत होते. त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या, मला वाटलं त्यांना दिसत नाही. खिडकीच्या काचेत सगळं दिसत होतं, हे त्या खोलीत तुझ्याबरोबर पुन्हा गेले तेव्हा मला कळलं. सिस्टरांनी बोलावलं म्हणून तू लग्नाची जरीची साडी नेसून आली होतीस. खुर्चीच्या अगदी कडेला बसलीस. सिस्टर म्हणाल्या, मुलगी आजारी आहे, खायचं टाळते, डॉक्टरला दाखवा. तू म्हणालीस, आजारी नाही, तिचं व्रत आहे.  मग म्हणाल्या, "बाई, उपास आमच्यातपण असतात. चाळीस दिवस. पण मग ईस्टर येतो. हिचा ईस्टर कधी?"

तू उद्यापनाचं सांगितलंस. सोळा जोडप्यांचं सांगितलंस. आणि मग तू माझ्याकडे बघितलंस, आई, आणि मला वाटतं त्या क्षणी तुला कळलं होतं. तुझ्या डोळ्यांत जे होतं ते भक्तीचं कौतुक नव्हतं.  घरी येताना पुलावर म्हणालीस, "चक्कर येयत वाटला तर घराक रव. शाळेत पडू नको." एवढंच. तू मला दुसरं काही बोलल्याचं आठवत नाही. मी त्यानंतर शाळेत कधी पडले नाही.

लग्न झालं. घर चांगलं मिळालं, तसं तुझं व्रत फळलं म्हणायचं. बोरीवलीला वन रूम किचन, मग दोन खोल्या, मला बँकेत नोकरी. मूल झालं नाही. पाळी येत नव्हती धड, ते कुणाला सांगायचं? हे चार लोकांत अभिमानाने सांगायचे, आमच्या हिचे केवढे उपास असतात. बँकेत माझ्या साबुदाणा वड्यांवर, माझ्या शिऱ्यावर लोक जीव टाकायचे. मी डबे भरभरून नेत असे आणि सगळे खाताना बघत असे. लोकांना खाऊ घालताना मला फार बरं वाटायचं, पण ते बरं वाटणं कसलं होतं हे आता कुठे उमगतं. कुणी म्हणालं तुम्ही घ्या ना मॅडम, की मी म्हणायचे, माझा सोमवार. आठवड्यात किती सोमवार येतात हे कुणी मोजत नसे.

तू गेलीस तेव्हा तू स्वतःच चिमणीएवढी झाली होतीस. पोटाचा आजार, डॉक्टर म्हणाले. शेवटच्या दिवसांत तू सगळ्याचं वाटप केलंस. मंगळसूत्र वहिनीला, पाटल्या मोडून भावाला घराच्या कामाला, विळी मला. मग मला जवळ ओढून म्हणालीस, "तुझा उद्यापन ऱ्हवला गो." मी म्हटलं, करेन. तू म्हणालीस, मी करूक होया होता. मी केलं नाही. तू गेल्यावर तर सोमवार मोडणं म्हणजे तुलाच मोडणं वाटायला लागलं. हे गेल्यावर, मी एकटी झाल्यावर, स्वयंपाकही थांबला.

मग बाथरूममध्ये पाय घसरला. साधं घसरणं, पण हाड असं मोडलं की हाडांचे डॉक्टर फोटो उजेडात धरून बघत राहिले. त्यांनी विचारलं, या खातात काय? वहिनी म्हणाली, त्यांचे उपास असतात. नेहमी इथे संभाषण संपतं. या डॉक्टरांनी विचारलं, कसले? कधीपासून?  तिथून मला या मुलीकडे पाठवलं. तिने आजाराचं नाव सांगितलं तेव्हा मी हसले. ईटिंग डिसऑर्डर मासिकांतल्या पोरींना होतो, श्रीमंतांच्या, आरशासमोर उभ्या राहणाऱ्या. मी तर गिरणीकामगाराची मुलगी, मला आरशात बघायची सवयसुद्धा नाही. ती म्हणाली, हा आजार घर बघून येत नाही, आणि बारीक दिसायचंच असतं असंही नाही. काहींना फक्त हे हवं असतं की निदान एक गोष्ट माझ्या हातात आहे. मी हसायची थांबले.

बरं होणं मला वाटलं होतं तसं नाही, आई. तुला वाटेल, एकदा समजलं की पोरगी जेवायला लागली. तसं होत नाही. ती सांगते, भुकेची वाट बघू नका, तुमच्या भुकेला तुमच्या घराचा रस्ता आठवत नाही. घड्याळ बघा आणि खा. मी घड्याळ बघून खाते. औषध घ्यावं तसं. वजन करताना मला काट्याकडे पाठ करून उभं करतात, आकडा मला दाखवत नाहीत. एक पोळी खाल्ली की पुढचा सगळा वेळ डोक्यात कुणीतरी भांडी आपटत असतं. काही आठवडे बरे जातात, मग एखाद्या दिवशी मी पुन्हा दिवसभर चहावर काढते आणि तिला खोटं सांगते, आणि पुढच्या वेळी खरं सांगते. तिच्या घरी उपास-व्रतं काहीच नाहीत, त्यांनी ते तिच्या आजोबांच्या वेळीच सोडलं, म्हणून तिने मला सोळा सोमवार अथपासून समजावून सांगायला लावले. मी सांगितले, तर तिने साधा प्रश्न विचारला, "म्हणजे तुमचं ते व्रत अजून चालू आहे?" 

मी कोपऱ्यावरच्या शंकराच्या देवळात गेले. तिथल्या गुरुजींना विचारलं, सोळा जोडपी नाही जमली तर? ते फुलं निवडत होते, मानही वर केली नाही. म्हणाले, अहो यथाशक्ती करायचं, एक जोडपं चालतं. तेही नाही जमलं तर शिधा द्या, नमस्कार करा, झालं. मी विचारलं, हे आता बदललंय का? ते म्हणाले, नाही हो, पूर्वीपासून असंच आहे.

एक जोडपं चाललं असतं, आई. शेजारचे काका-काकू चालले असते. त्यांना वरणभात चालला असता. तू कुणाला विचारलंच नाहीस, कारण विचारायचं म्हणजे आपल्याकडे नाही हे सांगावं लागलं असतं. मी देवळाच्या पायरीवर बसून राहिले. रडले वगैरे नाही. मला फक्त तुझी ती जरीची साडी दिसत होती आणि खुर्चीच्या कडेला बसलेली तू.

तरीही मी उद्यापन केलं नाही. पुढच्या सोमवारी, मग त्याच्या पुढच्या. खरं सांगायचं तर दार उघडं आहे हे कळल्यावर मला जास्तच भीती वाटली. केलं असतंच का कधी माहीत नाही, भाची नसती तर.

तुझी नात. तू तिला बघितलं नाहीस. भावाची धाकटी, कॉलेजात जाते, नाक तुझं आहे. ती उपास म्हणत नाही, फास्टिंग म्हणते, मोबाइलवर त्याची घंटा लावते. पण घरच्या सगळ्यांसाठी केक करते आणि स्वतः बोट लावत नाही. भर मेमध्ये स्वेटर घालून माझ्याकडे आली. तिच्या दंडावर बारीक लव आली होती, नखं निळसर. मला ही लक्षणं निरखून बघावीच लागली नाहीत, मला ती माहीत होती. मी भावाला सांगितलं, तिला दाखवा. तो चिडला. म्हणाला, "तुझे उपास चालतात, आम्ही देव्हाऱ्यात बसवतो तुला. तिचं डाएट केलं की रोग?" वहिनीने तर कौतुकानेच म्हटलं होतं, आत्यावर गेलीय, केवढा संयम. त्या घरात माझं उदाहरण देत होते, आई. मी जेवत नाही म्हणून तीही जेवत नव्हती आणि कुणाला चिंता नव्हती.

ती जिन्यात पडली. हृदयाचे ठोके इतके मंद झाले होते की तिला थेट आयसीयूत घातलं. नाकात नळी होती. भाऊ कॉरिडॉरमध्ये भिंतीला डोकं लावून उभा होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. डॉक्टर म्हणाले, या वेळी वाचली, पण घरी जाऊन खाल्लं नाही तर पुढच्या वेळचं सांगता येत नाही. वॉर्डात आणल्यावर मी तिच्यासाठी पेज नेली. चमचा तिच्या ओठांपाशी धरला. ती माझ्याकडे बघत राहिली, तुझ्या नाकाने आणि माझ्या डोळ्यांनी. म्हणाली, "तू खा, मग मी खाते." मी म्हटलं, बाळा, मी घरून खाऊन आले. ती म्हणाली, "आत्या, प्लीज ना यार. माझ्याशी तरी नको." मला त्या पेजेचा एक चमचा घ्यायचा होता. डबा उघडा होता, चमचा हातात होता. नर्स येऊन औषधं देऊन गेली तरी मी तशीच बसले होते. शेवटी घेतला. मग तिने घेतला. मग मी. डबा रिकामा व्हायला दुपार गेली, आणि आम्ही दोघी मार खाल्ल्यासारख्या थकलो होतो.

ती आता घरी आहे. माझ्याच समुपदेशक मुलीकडे जाते, माझ्या आधीची वेळ तिची. कधी खाते, कधी नाही. ती वाचेल का हे मला माहीत नाही, आणि या वाक्यापुढे काही धीराचं लिहावं असं वाटत असूनही लिहीत नाही. इतकंच माहीत आहे की मी तोंडाने कितीही सांगितलं तरी ती माझ्या ताटाकडे बघते.

म्हणून आज उद्यापन. दुपारी भाऊ आणि वहिनीला जोडपं म्हणून पाटावर बसवलं. भावाने मान खाली घालून सगळं जेवण संपवलं, उठताना माझ्या पाया पडला, हे उलटंच झालं, पण मी थांबवलं नाही. पूजा झाली. तुझ्याच विळीवर नारळ खवला. चूर्मा केला आहे, तुपाला या वेळी कमी नाही. गच्चीवरच्या पोरांचा आवाज येतोय, चूर्मा निवतोय, आणि तोवर मी हे लिहिते आहे. टपालात टाकायचं पत्र नाही हे. फडताळात कागदाखाली राहील.

वाटप तुझ्यासारखंच लिहून ठेवते. पहिला वाटा देवळात द्यायचा, गुरुजींच्या हातात. दुसरा खालच्या वॉचमनला आणि समोरच्या घरातल्या गुजराती बेनना, मी एकटी म्हणून त्यांनी माझ्या दारावर रोज टकटक केली आहे. विळीबरोबर माझ्याकडे आलेलं तुझं पितळी पातेलं, ज्याची खरवड काढत तू उपास सांगायचीस, ते मोडीत घालायचं, कुणी हौसेने मागितलं तरी द्यायचं नाही. विळी भाचीला. ती कधी नारळ खवणार नाही, मिक्सरला लावेल, तरी तिलाच. आणि खवताना पाठीजवळचा करडा कीस खायचा असतो हे मी तिला सांगेन, कुणी बघत असलं तरी. तिसरा वाटा आम्हा दोघींचा. ती संध्याकाळी येईल तेव्हा माझ्या वाटीत ती घालेल आणि तिच्या वाटीत मी, म्हणजे कुणाला स्वतःचं कमी करता येणार नाही. असं तिनेच सुचवलं, फोनवर, हसत हसत.

तीन ढीग मी घालून ठेवले आहेत, सारखे. निदान हे लिहायला बसले तेव्हा सारखे होते. आई, आत्ता बघते तर मी तिसऱ्यातला थोडा चूर्मा बोटाने देवाच्या ढिगाकडे सरकवला आहे. ती यायची आहे अजून.